तयार कपड्यांचा परदेशी व्यापार आणि आपली ज्ञाती

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात बीड येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच झाला. त्या आनंदाच्या प्रसंगानंतर एका सेवानिवृत्त शिक्षकाचे व्यापारविषयक बोलणे ऐकावयाचे म्हणजे आपल्या सहनशीलतेची परीक्षाच होय. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य; पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन खेड्यापाड्यांच्या शाळांत आयुष्य काढले. व्यापार मी कधी केला नाही. तथापि माझे बालपण वडिलांच्या शिलाई यंत्राशेजारी गेले आणि निवृत्तीनंतर या विषयाचे जमेल तेवढे वाचन मी केले. त्यातून जे उमगले, तेवढेच आपणापुढे ठेवतो.

आपण शिंपी. संत नामदेवांचे नाव सांगणारा हा समाज. पूर्वी दिवाळी आणि लग्नसराई आली की आपल्या घरांतील दिवा मध्यरात्रीपर्यंत विझत नसे. पुढे बाजारात तयार कपडे आले आणि बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळी येथील आपली दुकाने एकामागून एक ओस पडू लागली. आपले तरुण म्हणतात, "शिवणकाम संपले." मला हे मान्य नाही. तयार कपडा झाडाला लागत नाही. तोही कोणीतरी शिवतोच. कोण शिवतो आणि त्याला काय मिळते, हाच खरा प्रश्न आहे.

धाराशिव जिल्हा ओलांडला की सोलापूर लागते. एके काळी ते कापडगिरण्यांचे शहर होते. १८७७ साली स्थापन झालेली तेथील जुनी गिरणी पुढे बंद पडली आणि हजारो कुटुंबांवर संकट आले. परंतु त्या गावाने हात टेकले नाहीत. चादर व टॉवेल यांच्या जोडीला तेथे गणवेश शिवण्याचा धंदा वाढला. २०१७ साली तेथील तयार कपड्यांच्या उत्पादकांनी गणवेशांचे मोठे प्रदर्शन भरविले आणि परदेशांतील ग्राहकांनाही निमंत्रण दिले. सोलापूरला जे सुचले, ते आपल्याला सुचू नये असे नाही.

आता परदेशी व्यापाराचा थोडा विचार करू. १९७४ पासून श्रीमंत देशांनी बाहेरून येणाऱ्या कपड्यांवर संख्येची मर्यादा घातली होती. कोणत्या देशाने किती माल पाठवावा हे ठरलेले असे. १ जानेवारी २००५ पासून ती पद्धत संपली. तेव्हापासून सारी चढाओढ किमतीची झाली आणि किमतीत आयातीच्या जकातीला फार महत्त्व आले. ज्या देशाच्या मालावर जकात नाही, त्याचा माल आपोआप स्वस्त पडतो.

ही सवलत दोन वाटांनी मिळते. पहिली वाट म्हणजे देशांतर्गत खास क्षेत्रे. १९६५ साली कांडला येथे आणि १९७३ साली मुंबईत अंधेरीला 'सीप्झ' या नावाने अशी क्षेत्रे निघाली. २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला. तेथील कारखान्याला निर्यातीसाठी लागणारा माल करमुक्त मिळतो. दुसरी वाट म्हणजे दोन देशांमधील व्यापारी करार. संयुक्त अरब अमिरातींशी झालेला आपला करार १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आला. या दोन्ही देशांत आपल्या तयार कपड्यांवर ५ टक्के जकात पडत असे, ती गेली. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी करार झाला. तेथे तयार कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत जकात होती. ती काढून टाकण्याचे त्या करारात ठरले.

मी शिक्षक असल्याने उदाहरण सोडविल्यावाचून राहवत नाही. समजा, ५०० रुपयांचा एक सदरा आहे. १२ टक्क्यांनी त्यावर ६० रुपये जकात होते. ती माफ झाली तर ते ६० रुपये कोणाचे? प्रथम ते परदेशी व्यापाऱ्याचे, कारण जकात तोच भरत असतो. त्यातील चार पैसे आपल्या कारखानदाराला मिळाले, तर ते सौदा करण्याच्या त्याच्या सामर्थ्यामुळे. आणि त्यातील एक पैसा तरी शिवणाऱ्या बाईच्या हाती पडेल की नाही, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते. अर्थात् मागणी वाढली की काम वाढते, हा लाभ खरा आहे. परंतु जो एकटा आणि असंघटित आहे, त्याच्या दारापर्यंत तो येत नाही.

शिवाय ही सवलत मागितल्यावाचून मिळत नाही. माल खरोखर आपल्याच देशात तयार झाला, याचा उत्पत्तीचा दाखला जोडावा लागतो. कापड कोठून आले, कोठे बेतले, कोठे शिवले, याची पावत्यांनिशी साखळी दाखवावी लागते. प्रत्येक करारातील नियम निराळे. परदेशी कापड आणून येथे नुसत्या गुंड्या लावल्या तर तो सदरा भारतीय ठरत नाही. म्हणजे सवलत कपड्याला असली, तरी ती मिळते कागदाच्या बळावर.

येथवर झाला हिशेब. यापुढील भाग माणुसकीचा आहे. २००१ पासून युरोपीय संघाने सर्वांत गरीब देशांच्या मालाला जकात माफ केली. बांगलादेशाला तिचा मोठा लाभ झाला आणि तेथे कपड्यांचे कारखाने झपाट्याने वाढले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. अकराशेहून अधिक कामगार मृत्यू पावले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरीही त्यांना कामावर बोलावण्यात आले. आणि बंधुभगिनींनो, त्या इमारतीतील काही कारखान्यांची तपासणी पूर्वी झालेली होती; कागदोपत्री ते निर्दोष होते!

त्यानंतर जगातील ग्राहक विचारू लागला, की माझ्या अंगावरचा कपडा कोणाच्या हातचा आहे? सरकारेही विचारू लागली. मानवी हक्कांच्या प्रश्नावरून युरोपाने २०१० साली श्रीलंकेची खास सवलत काढून घेतली, ती २०१७ साली परत दिली; कंबोडियाची सवलत २०२० साली अंशतः रोखली. अमेरिकेत जून २०२२ पासून असा कायदा अमलात आला, की चीनमधील शिंजियांग प्रांताच्या कापसाचा माल हा वेठबिगारीचाच समजावा, आणि तो तसा नाही हे आणणाऱ्याने सिद्ध करावे. वेठबिगारीचा माल बाजारातून हद्दपार करण्याचा युरोपाचा कायदा २०२४ साली झाला असून तो १४ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, याचा बीडशी काय संबंध? संबंध फार निकटचा आहे. माजलगाव, गेवराई, वडवणी, धारूर या भागांत कापूस पिकतो. तो कोणत्या शेतातला, हे सांगता आले तर त्याची प्रतिष्ठा वाढते. याच हेतूने भारतीय कापसाला २०२० साली 'कस्तुरी' हे नाव देण्यात आले. दुसरा संबंध दुःखाचा आहे. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. २०२४ साली अमेरिकेतील वृत्तपत्रांनी त्या स्त्रियांची कहाणी छापली आणि ती साखर विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना जाब विचारला. साखरेला जे विचारले गेले, ते उद्या आपल्या सदऱ्यालाही विचारले जाणार आहे.

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझ्या पुतणीने दहा-बारा स्त्रियांना बरोबर घेऊन शिवणकाम सुरू केले. परदेशी माल पाठविणाऱ्या एका व्यापाऱ्याने नमुना मागविला. तो पसंत पडला. मागून पत्र आले. कापड कोणत्या गिरणीचे, त्याची पावती आहे काय? शिवणाऱ्यांची नावे, वये, कामाचे तास आणि मजुरी यांची नोंद आहे काय? आग लागल्यास बाहेर पडावयास दुसरी वाट आहे काय? एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नव्हते. ती मला म्हणाली, "काका, शिवण पास झाली, वही नापास झाली."

एका जाणत्या गृहस्थांनी सल्ला दिला, की सहा महिन्यांची वही एका रात्रीत लिहून काढावी. माझे अक्षर बरे, म्हणून ते काम मजकडे आले. मी कोरी वही पुढे घेऊन बसलो, पण लेखणी चालेना. त्याचे कारण आज प्रथमच चारचौघांत सांगतो. मी शाळेत असताना दिवाळीच्या सुमारास आपल्याच समाजातील काही मुले वर्गात येत नसत. ती घरी काजे करीत, गुंड्या लावीत. घरची ओढाताण मला ठाऊक होती. दयेपोटी मी हजेरीपटावर त्यांची उपस्थिती मांडीत असे. मला वाटे, मी उपकार करीत आहे. त्यांतील एक अत्यंत हुशार मुलगा पाचवीनंतर शाळेत पुन्हा दिसला नाही. हजेरी पूर्ण भरलेली असल्याने तो मागे पडतो आहे हे कोणाच्या लक्षातच आले नाही. माझ्या खोट्या नोंदीने त्याची गैरहजेरी झाकली गेली, आणि त्याबरोबर तो मुलगाही झाकला गेला.

म्हणून मी पुतणीला म्हणालो, "बाळ, ही वही मी लिहिणार नाही. उद्यापासूनची खरी वही तू लिही, मी शिकवीन." ते काम दुसरीकडे गेले. त्याचे दुःख आम्हा दोघांनाही झाले, आणि त्या बारा घरांना तर अधिकच झाले. परंतु त्या दिवसापासून तिची वही चालू आहे. मोठे काम अद्याप आलेले नाही; मात्र एका निर्यातदाराने त्या नोंदी पाहून लहानसे काम दिले आहे आणि ते वेळेवर पुरे झाले आहे.

बंधुभगिनींनो, मला मंडळापुढे चार सूचना ठेवावयाच्या आहेत. पहिली, एकेकट्या यंत्राने परदेश गाठता येत नाही. म्हणून गावोगावच्या वीस-पंचवीस यंत्रांनी एकत्र यावे आणि आरंभी एखाद्या चांगल्या निर्यातदाराचे काम उघडपणे, आपली नावे नोंदवून घ्यावे. दुसऱ्याच्या नावाखाली चोरून शिवलेला माल हाच पुढे घात करतो. दुसरी, प्रत्येक गटाने तीन वह्या ठेवाव्यात: कापडखरेदीची, हजेरी व मजुरीची, आणि मापे व नापास नगांची. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. हे शिकविण्यास आम्ही विनामूल्य येऊ. तिसरी, मजुरी नगावर असली तरी ती सरकारी किमान वेतनाखाली जाऊ नये, आणि शाळेच्या वयाचे मूल यंत्रावर बसू नये. चौथी, मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी एका तरी मुलाला वा मुलीला निर्यातीची कागदपत्रे, जकातीचे नियम व उत्पत्तीचे दाखले यांचे शिक्षण द्यावे. डॉक्टर व इंजिनिअर यांच्या जोडीला आपल्याला असा एक जाणकार हवा आहे.

हे सारे परदेशी ग्राहकाचे लाड आहेत असे कृपया मानू नये. आपल्या भगिनीला पुरी मजुरी मिळावी, तिच्या खोलीला दुसरे दार असावे आणि तिचे मूल शाळेत असावे, हे परक्याने सांगण्याची वाट आपण का पाहावी? वाडवडिलांनी उसवणार नाही अशी शिवण घालावयास शिकविले. तीच सचोटी आता वहीच्या पानावर उतरावयाची आहे.

माझ्या वयाच्या माणसाने अधिक बोलू नये. पुढील रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात मी कोऱ्या वह्या घेऊन बसणार आहे. ज्यांना शिकावयाचे असेल त्यांनी जरूर यावे; भगिनींनी आधी यावे.