डुमसच्या काळ्या वाळूतले चेहरे



मे महिना लागला की भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबारकडून सुरतेला येणाऱ्या गाड्या पोराबाळांनी भरून येतात. उधन्यात, लिंबायतला, पांडेसऱ्यात, डिंडोलीत कुणाचा काका असतो, कुणाचा मामा. पाहुण्या पोरांना न्यायचं पहिलं ठिकाण ठरलेलं असतं, ते म्हणजे डुमस. खानदेशाला समुद्र नाही. तिकडच्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला समुद्र पाहिला तो डुमसला, आणि त्या संध्याकाळचा फोटो पुढे वर्षानुवर्षं घरात राहतो. तो फोटो फोनवर किंवा स्टुडिओत ‘सुधारला’ जातो तेव्हा त्याचं काय होतं आणि काय व्हायला हवं, हा आजचा विषय. माझं काम स्टुडिओतल्या पोर्ट्रेटच्या दुरुस्तीचं आहे, त्यामुळे मतं ठाम आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फोटोतला प्रकाश हवा तेवढा दुरुस्त करा, पण त्यातलं मूल बदलू नका.

सुरुवात वाळूपासून करतो, कारण डुमसला निम्म्या अडचणी वाळूच उभ्या करते. ही वाळू काळी आहे. चुंबक फिरवलात तर त्याला काळे कण चिकटतात, ते मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजाचे. दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकाची झीज होऊन हे जड कण नद्यांबरोबर समुद्राकडे येतात. बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगवलेली तापी भुसावळवरून, खानदेश ओलांडून, उकाईवरून सुरतेला येते आणि डुमसजवळ समुद्राला मिळते. भुसावळच्या मुलाच्या पायाखाली डुमसला जी वाळू असते, तिच्यात त्याच्याच गावाकडचा दगड आहे. हे एकदा कळलं की त्या वाळूवर सोनेरी रंग ओतायला हात धजावत नाही. माझा तरी धजावत नाही.

आता या काळ्या वाळूमुळे कॅमेऱ्याचं काय होतं ते पाहू. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी असणार, आलेल्या प्रकाशातला सुमारे 18 टक्के प्रकाश परत पाठवणारं. मालवणच्या किंवा गोव्याच्या पांढऱ्या वाळूवर हा हिशेब एका बाजूला चुकतो. दृश्य फार उजळ आहे असं समजून कॅमेरा सगळं काळपट करतो. डुमसला नेमकं उलटं होतं. चौकटीत काळी वाळू जास्त आली की दृश्य अंधारं आहे असं त्याला वाटतं, तो सगळं उजळवतो आणि पोराचा चेहरा पिठासारखा पांढरा पडतो. फोन चेहरा ओळखतात हे खरं, पण धावणारं, मान वळवलेलं, लाटेकडे पाहणारं मूल त्यांच्या हातून निसटतं. म्हणून फोनच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा, बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह येईल, ते थोडं खाली ओढा. थोडा काळसर आलेला चेहरा नंतर उजळवता येतो. एकदा पूर्ण पांढरा पडलेला गाल मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही, कारण तिथे माहितीच उरलेली नसते.

दुसरी अडचण डोळ्यांची. पांढरी वाळू खालून चेहऱ्यावर उजेड फेकते, भुवयांखालची सावली आपोआप भरून निघते. काळी वाळू उजेड पिऊन टाकते. त्यामुळे डुमसला चार वाजताच्या उन्हात काढलेल्या फोटोत मुलांच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात, मूल थकलेलं वाटतं, आणि मग घरी येऊन कुणीतरी डोळे ‘उघडायला’ बसतं. याचा उपाय सुरतेत तरी गल्लोगल्ली पडलेला आहे. ग्रे म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या कापडाचा दोन मीटरचा तुकडा घ्या, दोघांनी तो मुलाच्या समोर कमरेच्या उंचीवर तिरका धरा, आणि चेहरा पाहा. जरीकाम करणाऱ्यांच्या घरात चंदेरी कापड असेल तर आणखी उत्तम, फक्त ते जरा लांब धरा, नाहीतर मूल डोळे मिटतं. कापड नसेल तर ओहोटीची वेळ साधा. खंभातच्या आखाताच्या या भागात पाणी बरंच मागे जातं, आणि ओली सपाट वाळू आकाशाचा उजेड वर फेकते. त्या ओल्या पट्ट्यावर उभ्या केलेल्या मुलाच्या डोळ्यांत आपोआप चमक येते. एक सूचना मात्र गंभीरपणे देतो. ओहोटीच्या मागे मागे मुलांना लांब नेऊ नका. गाळात पाय रुततात आणि भरती वेगाने येते. किनाऱ्यालगतचा ओला पट्टा पुरेसा आहे.

मे महिन्यात सुरतेला सूर्य सातनंतर मावळतो. साडेपाच-सहाच्या सुमाराला मुलाला समुद्राकडे पाठ करून नाही आणि समुद्राकडे तोंड करूनही नाही, तर एका बाजूला वळवून उभं करा. अर्ध्या चेहऱ्यावर ऊन, अर्ध्यावर कापडाचा परतलेला उजेड. असा फोटो आला तर दुरुस्तीला फारसं काही उरत नाही.

फोटोत हात घालणं ही काही संगणकाने आणलेली गोष्ट नाही. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. त्या पिढीपासून आपल्याकडे फोटोवर कुंचला चालत आला आहे. लघुचित्रं रंगवणारे चितारी स्टुडिओत बसून फोटोंना रंग देत. नाथद्वाऱ्याला तर यात्रेकरूंच्या फोटोतले चेहरे कापून रंगवलेल्या चित्रात चिकटवत. श्रीनाथजींची मूर्ती रंगवलेली, भोवतीचे यजमानांचे पोशाख रंगवलेले, आणि चेहरा तेवढा खरा. या चिताऱ्यांबद्दल मला आदर आहे, आणि त्याचं कारण हेच की एवढं सगळं रंगवूनही त्यांनी चेहरा खऱ्या फोटोतलाच ठेवला. आज आपण बरोबर उलटं करतो. पोशाख, वाळू, भज्यांची गाडी सगळं जसंच्या तसं, आणि बदलला जातो तो नेमका चेहरा.

तो कसा बदलतो, हे जवळून सांगतो. माणसाच्या कातडीचा रंग, मग ती कुठल्याही देशाची असो, रंगचक्रात बहुतेक नारिंगीच्या आसपास पडतो. बऱ्याच संपादन-अॅपांमध्ये नारिंगीची उजळी वाढवायची एक पट्टी असते. ती उजवीकडे ओढली की फोटोतली सगळी कातडी गोरी होते, बाकीचं फारसं बदलत नाही. ब्यूटी फिल्टर म्हणजे बऱ्याच अंशी हीच पट्टी, शिवाय गालांवरून फिरवलेलं एक पुसट पोतेरं. बऱ्याच फोनांत तो कुणी न सांगता चालू असतो. सावळी मुलगी डुमसहून फोटोत गोरी होऊन घरी येते, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘बघ, किती छान आलीस!’ सात वर्षांच्या मुलीला या वाक्यातून काय कळतं, याचा विचार करा. मला हे वाक्य ऐकवत नाही. 1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ला 2020 मध्ये नावातला ‘फेअर’ काढावा लागला. फोनमधल्या पट्टीला मात्र अजून कुणी हटकत नाही.

फिल्मच्या जमान्यातही कातडीच्या रंगाचा हा प्रश्न होता. कोडॅक कंपनी रंगीत प्रिंट जुळवून घेण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुना-कार्ड पाठवायची. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे, आणि त्या कार्डाला ‘शर्ली’ म्हणत. तिची कातडी बरोबर उतरली की प्रिंट बरोबर, असा दंडक. जगातल्या बाकी सगळ्यांनी आपली कातडी त्या मापात बसवून घ्यायची. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचं कार्ड यायला 1990चं दशक उजाडलं. 2022 मध्ये गूगलने एलिस मंक या समाजशास्त्रज्ञाच्या मदतीने कातडीच्या दहा छटांची मोजपट्टी खुली केली. यंत्र बनवणाऱ्यांना उशिरा का होईना पण जाग आली, तर आपण आपल्याच पोरांच्या बाबतीत मागे का राहायचं?

चेहरा उजळवायचा असेल तर नारिंगीला हात लावू नका. अॅपमध्ये फक्त चेहऱ्यावर मास्क घ्या, म्हणजे तेवढाच भाग निवडा, त्याची कड मऊ ठेवा आणि उजेड किंचित वाढवा. मग मुलाचे हात आणि पाय पाहा. चेहरा एका रंगाचा आणि पावलं दुसऱ्या रंगाची दिसली, की हात आवरा.

कातडी गुळगुळीत करण्याबद्दल आमच्या धंद्यात एक जुना नियम सांगतात. पंधरा दिवसांनी आपोआप जाणारं असेल ते पुसावं, कायमचं असेल ते ठेवावं. पुटकुळी पुसा, तीळ ठेवा. मोठ्यांसाठी नियम चांगला आहे. मुलांना तो लागू पडत नाही, कारण मुलांचं जवळजवळ सगळंच जाणारं असतं. सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात पडून जी खिंड होते, ती काही महिन्यांत भरते. तीच तर फोटोत हवी! जावळ काढलेलं डोकं, गुडघ्यावरची खपली, नाकावर चिकटलेली काळी वाळू, ओठांवरचं टोमॅटोच्या भज्यांचं तेल, हे पुसून काय साधतं? मी फक्त वाहतं नाक पुसतो, आणि तेही आईने सांगितलं तर.

आणि तीट. तान्ह्या बाळाच्या गालावर किंवा कपाळाच्या कडेला आजीने काजळाचा काळा ठिपका लावलेला असतो. आपोआप डाग काढणारं सॉफ्टवेअर तो ठिपका डाग समजून बेमालूम पुसतं, आजूबाजूची कातडी आणून तिथे भरतं. मूळ फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कुणाच्या लक्षातही येत नाही. तीट हे त्या घराच्या मायेचं चिन्ह आहे. त्यामुळे लहान मुलांचे फोटो एकगठ्ठा आपोआप साफ करण्याला माझा सरसकट विरोध आहे. एकेक फोटो डोळ्यांनी पाहा, हाताने करा.

तसाच आईच्या हाताचा प्रश्न. लाट आली की मूल घाबरतं, आणि चौकटीच्या कडेने एक बांगड्यांचा हात येऊन त्याचा दंड धरतो. लोक येतात आणि म्हणतात, तेवढा हात काढून द्या. आता एका बोटात तो निघतो. आईला असं लपवणं जुनंच आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात एक्सपोजरला वेळ लागे, म्हणून बाळाला स्थिर धरायला आईला कापडाखाली झाकून बसवत. खुर्चीच्या जागी कापडाचा ढीग दिसतो आणि त्यात आई असते. ते फोटो आज पाहताना लोकांची नजर बाळाकडे जात नाही, त्या कापडाकडे जाते. समुद्राकाठचा हात राहू द्या. वीस वर्षांनी त्या मुलाला स्वतःच्या चेहऱ्याइतकाच तो हात पाहावासा वाटेल.

समुद्राबद्दल थोडक्यात. डुमसचं पाणी गाळाचं आहे, तपकिरी आहे. तापीचा गाळ आणि आखातातले जोरदार प्रवाह यांमुळे ते तसंच असणार. मागे मालदीवचं निळं पाणी लावू नका. रिनेके डायकस्ट्रा या डच छायाचित्रकर्तीने 1992 पासून पोलंड, अमेरिका, युक्रेन अशा ठिकठिकाणच्या किनाऱ्यांवर किशोरवयीन मुलामुलींचे फोटो काढले. साधा समुद्र, साधं आकाश, समोर उभं मूल आणि चेहऱ्यावर फ्लॅशचा हलका उजेड. काही सजवलेलं नाही. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांनी ते फोटो जपून ठेवले आहेत. आणि रंग अगदीच बिघडले असतील तर फोटो कृष्णधवल करा. शेजारच्या नवसारीत 1913 साली जन्मलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावालांनी देशाच्या इतिहासाची चित्रं कृष्णधवलातच टिपली आहेत.

शेवटी, फोटो कुठे जातो याबद्दल. उघड्या अंगाने पाण्यात खेळणाऱ्या मुलांचे फोटो घरात ठेवा, स्टेटसला लावू नका. फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण आणि वेळ नोंदलेली असते, ती पाठवण्याआधी काढता येते. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला कंपन्यांनी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. कंपन्यांकडून जी अपेक्षा कायदा करतो, ती काकांनी, मामांनी आणि आम्हा स्टुडिओवाल्यांनीही पाळावी. शेजारच्या मुलाचा फोटो टाकायचा असेल तर त्याच्या आईला विचारा. मूल समजत्या वयाचं असेल तर त्यालाही विचारा.

तुम्हा सर्वांना माझी विनंती आहे. दुरुस्ती नेहमी फोटोच्या प्रतीवर करा, मूळ फाइल कधी पुसू नका. गावाकडे पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फोटो आक्रसत नाही. चार बाय सहा इंचाच्या चांगल्या प्रिंटला 1200 बाय 1800 पिक्सेल पुरतात, आणि ते आज कुठल्याही साध्या फोनात असतात. या सुट्टीतला निदान एक फोटो छापून घ्या, मागे पेन्सिलीने मुलाचं नाव, तारीख आणि ‘डुमस’ एवढं लिहा, आणि परतीच्या गाडीत पोरांच्या सामानात ठेवा.