मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग : दुखणे अंगावर काढू नका



यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीला जाणाऱ्या स्त्रिया आडोशाअभावी पाणी कमी पितात, लघवी रोखून धरतात. मूत्राशयातील जंतूंना मूत्रपिंडापर्यंत चढण्यास ही स्थिती पोषक ठरते. शाळेतील स्वच्छतागृहास कुलूप लावणाऱ्या मुख्याध्यापकांनीही हे ध्यानी घ्यावे.

हुडहुडी भरून ताप, कुशीत दुखणे, ओकारी ही लक्षणे दिसताच हिवतापच असेल असे गृहीत न धरता लघवी तपासावी. योग्य औषधाने बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो व बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. मात्र ताप उतरला म्हणून गोळ्या सोडू नयेत. मधुमेही, मुतखड्याचे रुग्ण व गर्भवती यांना धोका अधिक. मूत्रपिंडात गळू होते, संसर्ग रक्तात पसरून जीवावर बेतते, वारंवार झाल्यास मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहतात. गर्भवतीची प्रसूती अकाली होऊ शकते. गरोदरपणी तर लक्षणांविनाही संसर्ग असू शकतो. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते; तेथे प्रत्येक गर्भवतीस पाठविण्याचे काम पंचायत सदस्यांनी अंगावर घ्यावे. गोळी पोटात ठरत नसेल, तर रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात हलवावे.