मुक्त व्यापार आणि गोव्याचे मीठ



व्यापार मुक्त असावा की देशी धंद्यांना जकातीचे संरक्षण असावे, हा वाद बहुधा ग्रंथांतील तत्त्वांच्या आधारे लढविला जातो. गोमंतकाने मात्र तो मिठागराच्या बांधावर अनुभवला आहे.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. जानेवारी १८८० पासून तो बारा वर्षे अमलात होता. ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची सीमा त्याने उठविली. मुरगावचे बंदर व तेथून घाट चढणारी रेल्वे ही त्याच कराराची फळे होत.

आता मिठाचे पाहावे. ब्रिटिश मुलखात मिठावर जबर कर होता, गोव्याचे मीठ स्वस्त होते. सीमा उठताच ते मीठ घाटावर मोकळेपणे गेले असते आणि कराचे उत्पन्न बुडाले असते. म्हणून गोव्यातील मिठाचे उत्पादन व विक्री यांवर ब्रिटिश सरकारने आपले नियंत्रण बसविले. त्याचा मोबदला म्हणून पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये देण्याचे ठरले. सीमेवरचा पहारा उठला, तो मिठागरावर येऊन बसला! ज्यांचे पोट या आगरांवर चाले, त्या मिठगावड्यांना करार करताना कोणी विचारले नव्हते. मोबदला तिजोरीत जमा झाला; मीठ मात्र गोवेकरालाही महाग पडले. माडाच्या सुरेवरही मुंबई इलाख्याच्या धर्तीची अबकारी आली. व्यापार मुक्त झाला म्हणून सरकार बाजूला झाले, असे येथे मुळीच घडले नाही.

१८९२ साली कराराची मुदत संपली, त्याचे नूतनीकरण झाले नाही आणि जकातीची नाकी पुन्हा उभी राहिली. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडात उपजलेले सिद्धांत सर्व देशांना व सर्व काळांना सारखेच लागू पडत नाहीत, आणि मागासलेल्या देशात उद्योगांना सरकारने हात दिला पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्याची प्रचीती लवकरच आली. १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात बसली, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांचे नुकसान होऊ नये म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर लादण्यात आला. याला मुक्त व्यापार म्हणणे म्हणजे शब्दाची थट्टाच होय. हा कर रद्द होण्यास १९२६ साल उजाडावे लागले. ब्रिटिश हिंदुस्थानातील मिठावरचा कर तर १९४७ पर्यंत टिकला.