गाठ आहे, म्हणून पिशवी काढायची?

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'फायब्रॉइड' दिसलं की बाई घाबरते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "मुलंबाळं झालीत ना, मग टाका काढून पिशवी." मैत्रिणींनो, एवढी घाई करू नका.

गर्भाशयाच्या स्नायूतली ही गाठ बहुतेक वेळा साधी असते. ती कॅन्सरची निघणं फारच दुर्मीळ. पाळी गेल्यावर ती सहसा आपोआप आक्रसते. त्रास नसेल तर अधूनमधून तपासणी पुरते. अंगावरून फार जात असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या घ्या. रक्तस्राव कमी करणारी औषधंही आहेत. मूल हवं असेल तर नुसती गाठ काढून पिशवी राखता येते, मात्र पुढे नवी गाठ होऊ शकते. पिशवीच्या पोकळीत आलेली छोटी गाठ तर खालूनच दुर्बिणीने निघते, पोटावर टाका पडत नाही. मोठ्या शहरांत बारीक नळीतून गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची सोयही आहे.

हे सारं बाईला कुणी सांगतच नाही, याचा मला राग येतो. बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या कमी वयात काढल्याचं २०१९ साली गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. एक खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो; तिथे पाळीच्या त्रासावर महिनोन्‌महिने उपचार कोण घेणार?

कधीकधी पिशवी काढणंच योग्य असतं. तेव्हा एक जरूर विचारा: बीजकोश राहणार की तेही काढणार? पाळी सुरू असताना तेही गेले, तर अंगातून वाफा येणं, हाडं ठिसूळ होणं अकाली मागे लागतं.

पोट उघडून ऑपरेशन झालं तर सावरायला सहा ते आठ आठवडे लागतात, दुर्बिणीतून झालं तर बहुधा कमी. डॉक्टर सांगतील तसं लवकर उठून चालायचं, म्हणजे पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. पण वरचे टाके सुकले म्हणून आतली जखम भरली असं नसतं. भरलेली कळशी, ओल्या कपड्यांची बादली, कडेवरचं नातवंड, यांतलं काहीही डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत उचलायचं नाही. तोवर पाणी घरातल्या पुरुषांनी भरावं. आणि ताप आला, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, रक्त वाढलं, पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.