म्हैसूरला आलात तर हळदणकरांना भेटून जा

मी म्हैसूरला राहतो. मे महिना आला, दिवाळीची सुट्टी लागली की आमच्याकडे पुण्या-कोल्हापूरकडून पाहुणे येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दोन दिवस आहेत, काय काय बघायचं?" आज त्याचंच उत्तर देणार आहे. नेहमीच्या यादीत जे एक ठिकाण हमखास गळतं, त्याबद्दल जरा जास्त बोलेन.

सुरुवात चामुंडी टेकडीपासून करा, तीही उजाडल्याबरोबर. पायथ्यापासून वर साधारण हजार पायऱ्या आहेत. वाटेत एकाच दगडातून कोरलेला सतराव्या शतकातला भलामोठा नंदी लागतो. गुडघे कुरकुर करत असतील तर गाडी थेट वरपर्यंत जाते. वरची चामुंडेश्वरी म्हणजे महिषासुरमर्दिनी, आपल्या तुळजाभवानीचंच रूप. म्हैसूर हे नावही त्या महिषासुरावरूनच आलं.

मग राजवाडा. आधीचा लाकडी राजवाडा १८९७ साली घरच्याच लग्नसोहळ्यात आग लागून जळाला. आत्ताचा हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यावरून बांधला आणि तो १९१२ साली पुरा झाला. चपला बाहेर ठेवाव्या लागतात, मोजे घालून या. जमलं तर तुमच्या दोन दिवसांत रविवार येईल असं बघा, कारण रविवारी आणि सणासुदीला संध्याकाळी सातच्या सुमारास राजवाड्यावर जवळपास एक लाख दिवे लागतात. मुलं बरोबर असतील तर प्राणिसंग्रहालय आहेच, १८९२ पासूनचं. फक्त मंगळवारी ते बंद असतं.

दुपारनंतर देवराज मार्केट. कुंकवाचे रंगीबेरंगी ढीग, म्हैसूर मल्लिगे म्हणजे इथला मोगरा, विड्याची पानं, नंजनगूडची रसबाळे केळी. काही घ्यायचं नसलं तरी तासभर फिरा. आणि मैसूरपाक खाल्ल्याशिवाय इथून जाऊ नका. तो इथल्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यातच जन्मला.

इथपर्यंतची यादी कुणीही सांगेल. आता ते गळणारं ठिकाण.

राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर जगन्मोहन पॅलेस आहे, १८६१ साली बांधलेला. मोठा राजवाडा जळाल्यावर राजघराणं इथंच राहायला आलं होतं. १९१५ पासून इथं चित्रांचं दालन आहे. त्यात एक जलरंगातलं चित्र आहे: साडी नेसलेली एक तरुणी, एका हातात समई, दुसरा हात ज्योतीच्या आडोशाला. बोटांमधून उजेड झिरपतोय, चेहरा उजळलाय. हे चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं आहे, कॅलेंडरवर, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर. इंग्रजीत त्याला 'ग्लो ऑफ होप' म्हणतात.

त्या चित्रापुढे उभं राहून "वा, काय रविवर्मा आहे!" असं म्हणणारी माणसं मी कितीदा तरी ऐकली आहेत. त्यात मराठी माणसं असली की मात्र मला राहवत नाही. कारण हे चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. ते सावंतवाडीचे. जन्म १८८२. मुंबईत जे. जे. मध्ये शिकले आणि १९०८ साली तिथंच स्वतःची चित्रशाळा काढली. हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास काढलं. रविवर्मा वारले १९०६ साली, म्हणजे चाळीस वर्षं आधी! गोंधळ होतो, कारण याच दालनात रविवर्म्यांची तैलचित्रंही आहेत आणि ते नाव सगळ्यांच्या ओठावर असतं.

चित्रातली तरुणी म्हणजे हळदणकरांची लेक, गीता. वडिलांसाठी ती हातात समई घेऊन तासन्‌तास उभी राहिली. २०१८ साली कोल्हापुरात वयाच्या १०२ व्या वर्षी त्या गेल्या. म्हणजे आपल्यातलेच कितीतरी लोक त्यांच्या गावात राहत होते, घरात ते कॅलेंडर लावत होते आणि त्यावरचं चित्र दुसऱ्याच्या नावावर टाकत होते.

चित्र बघताना एक गोष्ट मुलांना जरूर दाखवा. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा रंग चढवता येतो, उजेड हवा तर शेवटी पांढरा लावता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय नाही. तिथं उजेड म्हणजे खालचा कोरा कागद. ज्योतीजवळ किती कागद राखायचा हे कुंचला टेकवण्याआधीच ठरवावं लागतं. हे कळलं की त्या बोटांकडे पाहण्याची नजरच बदलते.

दालनं अधूनमधून डागडुजीसाठी बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. तिकडून यायला दादरहून शरावती एक्सप्रेस आहे, पंढरपूरहून गोलगुंबज एक्सप्रेस आहे.

एवढंच मागणं आहे. या चित्राला अर्धा तास द्या आणि शेजारी कुणी "रविवर्मा" म्हणालं, तर भांडू नका, हसून सांगा, "हळदणकर. सावंतवाडीचे." ज्याचं काम आहे त्याचं नाव त्याला मिळायला हवं, आणि हे काम आपण फिरता फिरता करू शकतो.

या, वाट बघतो.