रक्तदाब आणि पायावरील व्रण
(ज्ञातीच्या रसायनी येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



पाताळगंगेच्या काठच्या या रसायनीत आपली अनेक कुटुंबे कारखान्यांतील नोकरीच्या निमित्ताने आली व येथेच स्थिरावली. त्या वेळचे तरुण आज आजोबा झाले आहेत. त्यांच्या वयाच्या एका दुखण्याविषयी दोन शब्द सांगण्याची आम्ही अनुज्ञा मागतो.

वाढलेल्या रक्तदाबाने हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांस इजा पोहोचते, हे आता घरोघरी ठाऊक आहे. परंतु पायाच्या कातडीवरही त्याचा कोप होतो, हे फारसे कोणास माहीत नसते. बार्सिलोना येथील डॉ. फर्नांडो मार्टोरेल यांनी १९४५ साली या व्रणाचे वर्णन केले. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने कातडीतील बारीक रोहिण्यांच्या भिंती जाड होतात, पोकळी अरुंद होते आणि तेवढ्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो. साठी उलटलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक. घोट्याच्या वर, पायाच्या बाहेरच्या वा मागच्या अंगास तांबडा-जांभळा डाग उमटतो. तेथील कातडी काळी पडून जखम पसरते, आणि तिच्या आकाराच्या मानाने वेदना फारच असह्य असतात. फुगलेल्या नीलांचा व्रण बहुधा घोट्याच्या आतल्या अंगास असतो व इतका ठणकत नाही.

आमच्या पाहण्यातील एका वृद्ध भगिनींनी "बरे वाटते" म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या. पुढे पायास जखम झाली, ती मुलांना त्रास नको म्हणून दोन महिने लुगड्याच्या घोळात लपविली आणि वर पाल्याचा लेप बांधीत राहिल्या. अखेर कातडीचे रोपण करावे लागले. त्यानंतर मात्र त्यांस शांत झोप लागली.

म्हणून आमची विनंती एवढीच. रक्तदाब वारंवार १४०/९० वा त्याहून अधिक भरत असेल, तर वैद्यांस दाखवावे. सुरू केलेल्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे. लोणचे, पापड व सुकी मासळी यांतील मीठही त्यातच धरावे. पायाची जखम दाखविताना आपणास रक्तदाब आहे हे आवर्जून सांगावे. कारण या व्रणाचे दुसऱ्या एका दाहविकाराशी साम्य असल्याने भलताच उपचार होण्याचा संभव असतो.

आपल्या घरातील वडीलधारी माणसे दुखणे सांगत नाहीत; ते आपण विचारले पाहिजे. आज घरी गेल्यावर आईच्या पायांना नमस्कार करताना ते पाय एकदा नीट पाहावेत, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.