आपलीच सभा, आपलेच विषय

(दूधविनायक, वाराणसी येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



 आम्हांस विषय दिला आहे तो 'तंत्रज्ञान आणि विक्रीकला' हा. आम्ही तंत्रज्ञही नव्हे आणि व्यापारीही नव्हे. केंद्र सरकारच्या चाकरीत आमची हयात फायलींत गेली. तेव्हा उपदेश करण्यापेक्षा, हा विषय आपण एकमेकांकडून कसा शिकावा, एवढेच मांडण्याची अनुज्ञा असावी.

प्रारंभी एका चुकीची कबुली देतो. गेल्या वर्षी याच मंडळात मोबाइलवरील पैशांच्या व्यवहारांविषयी आम्ही एक व्याख्यान योजिले होते. बाहेरगावाहून जाणकार वक्ते आणले. दीड तास विद्वत्तापूर्ण विवेचन झाले. शंकानिरसनास पाच मिनिटे उरली, तेव्हा कोणी तोंड उघडले नाही. पुढे चहाच्या वेळी यात्रेकरूंना घरगुती जेवण पुरविणाऱ्या एक भगिनी शेजारच्या शाळकरी मुलास हलक्या आवाजात विचारीत होत्या, "अरे, गिऱ्हाईक पैसे पाठवल्याचं चित्र मोबाइलवर दाखवतं आणि निघून जातं. पैसे खरंच आले की नाही, कसं ओळखायचं?" एका जथ्याच्या दोन दिवसांच्या जेवणाचे पैसे त्यांचे असेच बुडाले होते. मुलगा म्हणाला, "काकू, त्यांच्या मोबाइलमध्ये बघायचंच नाही. तुमच्या खात्यात जमा दिसली, तरच पैसे आले." आणि तेथल्या तेथे त्याने त्यांना आपले खाते पाहावयास शिकविले. ज्या प्रश्नासाठी त्या बाई दीड तास बसून राहिल्या, त्यास आमच्या कार्यक्रमपत्रिकेत जागाच नव्हती.

असाच अनुभव अमेरिकेत हॅरिसन ओवेन यांस आला होता. १९८३ साली त्यांनी मोठ्या परिश्रमाने एक परिषद भरविली. मात्र सर्वांस आवडली ती कॉफीपानाची मधली सुट्टी! तेव्हा सबंध परिषदच त्या सुट्टीसारखी का असू नये, असा विचार करून १९८५ पासून त्यांनी निराळी पद्धत चालू केली. खुर्च्या वर्तुळात मांडावयाच्या, ज्यास जो विषय महत्त्वाचा वाटेल तो त्याने कागदावर लिहून भिंतीवर लावावयाचा, आणि जेथे आपण काही शिकत नाही व शिकवितही नाही, तेथून निःसंकोच उठून दुसऱ्या गटात जावयाचे.

पुढे ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे संगणकक्षेत्रातील तरुणांनी याच धर्तीवर 'बारकॅम्प' भरविला. निवडक निमंत्रितांपुरते एक संमेलन त्या सुमारास होत असे. त्यास उत्तर म्हणून यांनी सर्वांस दार मोकळे ठेवले. आठवडाभरात सारी तयारी झाली. येथे प्रेक्षक कोणी नाही, येणारा प्रत्येक जण सहभागी, हे त्यांचे सूत्र. २००६ मध्ये ही प्रथा दिल्ली, चेन्नई आणि आपल्या पुण्यातही पोहोचली.

आपल्यास सभेची परंपरा नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेने महाराष्ट्रास बहुश्रुत केले. तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु येथे काशीत दुसरीही परंपरा आहे, ती शास्त्रार्थाची. तेथे शंका काढणाऱ्यास उत्तर देणाऱ्याइतकाच मान असतो. आपल्या मंडळाने आजवर पहिली परंपरा सांभाळली. आता दुसरीकडेही वळावे.

गरज काय, असे कोणी विचारील. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाल्यापासून यात्रेकरूंचा ओघ वाढला आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्यास वरणभात हवा असतो, मराठी बोलणारे पुरोहित हवे असतात, उतरावयास विश्वासाचे घर हवे असते. हे सारे या गल्ल्यांत पिढ्यानपिढ्या आहे. पण ते त्यास कळावे कसे? कोणा घरी पुरणपोळी उत्तम होते, पण अन्नसुरक्षा कायद्याखाली लहान व्यवसायासही नोंदणी लागते, हे त्या घरास ठाऊक नसते. कोणी नातेवाइकांस बनारसी साड्या पाठवितात, पण या वस्त्रास २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे आणि ते नाव भलत्या मालास लावता येत नाही, हे ग्राहकास सांगत नाहीत. एकास जे येते, ते दुसऱ्यास हवे आहे. आणि दोघेही मंडळात शेजारी बसून भाषण ऐकत असतात. उत्पन्नाची वाट येथे दिसली नाही, तर आपली मुले पुण्या-बंगळूरची वाट धरणारच.

या पद्धतीत दोषही आहेत. मोठ्या आवाजाचा मनुष्य सारा वेळ खातो. ऐकीव माहिती नियम म्हणून सांगितली जाते. झालेले बोलणे दुसऱ्या दिवशी विरून जाते. म्हणून आमची सूचना अशी : एका रविवारी सकाळी तीन तास द्यावे. संकोची माणसांसाठी निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी. प्रत्येक विषयास अर्धा तास, त्याहून अधिक नाही. प्रत्येक गटात एका विद्यार्थ्याने टिपण घ्यावे. कर आणि परवाने यांविषयी जे बोलले जाईल, ते जाणकाराकडून तपासूनच फलकावर लावावे. हारतुरे, सत्कार आणि प्रास्ताविक त्या दिवशी वर्ज्य!

पहिली चिठ्ठी आमचीच असेल. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला मोबाइलवरून देण्याची 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ पासून आहे. ती ज्येष्ठांस आम्ही शिकवू. आणि आपल्या सेवेची माहिती यात्रेकरूपर्यंत कशी पोहोचवावी, हे त्या शाळकरी मुलाजवळ बसून शिकू.

 पुढील सभेत कोणी शांत बसू नये, एवढीच प्रार्थना.